किती फुटाला निघायचं?

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की ख्यालीखुशालीच्याही आधी एक प्रश्न येतो, "आयर्विनला किती झालं?" कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी मोजतात. 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट ही धोका पातळी. कोल्हापुरात हाच प्रश्न पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याबद्दल विचारला जातो. तिथे इशारा 39 फुटांना आणि धोका 43 फुटांना. नदीकाठच्या शाळकरी पोरांनाही हे आकडे पाठ असतात. तरीही ऑगस्ट 2019 मध्ये या दोन शहरांत आणि शिरोळ, पलूस, वाळवा, मिरज, करवीर या तालुक्यांत असंख्य कुटुंबं माळ्यावर आणि गच्चीवर अडकून पडली. आकडे ठाऊक होते, टीव्हीवर बातम्या चालू होत्या, पाणी चढताना डोळ्यांना दिसत होतं. मग अडलं कुठे?

अडलं ते 2005 मध्ये. त्या वर्षीच्या महापुरात सांगलीत पाणी 54 फुटांच्या आसपास गेलं होतं. घराघरांत त्या पाण्याची खूण होती. कुणी भिंतीवर रेघ मारून ठेवलेली, कुणी नुसतीच मनात धरलेली. 2019 मध्ये पाणी चढू लागलं तसं लोकांनी फ्रिज, धान्याचे डबे, मुलांची दप्तरं, ठेवणीतल्या साड्यांच्या बॅगा त्या रेघेच्या हातभर वर नेल्या आणि ते निर्धास्त झाले. पाणी 57 फुटांच्या पलीकडे गेलं. राजाराम बंधाऱ्यावर ते 55 फूट ओलांडून गेलं. पुराची सवय नसलेल्या गावाची फसगत झाली तर समजू शकतं. इथे सवयीनंच घात केला.

आपत्ती हा विषय व्याख्यानाला आला की श्रोते धरणं, अतिक्रमणं, पूररेषा आणि सरकार यांबद्दल ऐकायच्या तयारीनं येतात. ते सगळं बोलायलाच हवं आणि बोललंही जातं. हे व्याख्यान मात्र उंबरठ्याच्या आतलं आहे. घरात चार माणसं आहेत, एक आजी आहे, गोठ्यात दोन म्हशी आहेत, नाहीतर दहाव्या मजल्यावर बंद पडलेली लिफ्ट आहे. अशा घराला संकटाआधी काय ठरवता येतं, एवढाच त्याचा आवाका. त्यात सांगायची गोष्टही एकच आहे: तयारी म्हणजे सामानाची पिशवी नाही, आधी घेऊन ठेवलेला निर्णय. पिशवी दुय्यम आहे.

सरकारी मदत कितीही चोख असली तरी ती पहिल्या तासाला दारात नसते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची, महाराष्ट्रातली तुकडी तळेगावजवळ सुदुंबरे इथे आहे. 2019 मध्ये पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीपाशी पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद पडला होता. रस्ताच नाही तर मदत वेळेत पोचावी कशी? जपानसारख्या तयारीच्या देशातही वेगळं घडत नाही. 17 जानेवारी 1995 च्या पहाटे कोबे शहर हादरलं, सहा हजारांहून अधिक माणसं गेली. ढिगाऱ्यातून जी जिवंत निघाली त्यातल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच ओढून काढलं होतं. गणवेशातली माणसं नंतर पोचली. 1993 च्या भूकंपात किल्लारीलाही पहिले हात गावकऱ्यांचेच होते.

तेव्हा पहिले काही तास घराचे आणि गल्लीचे. आता प्रश्न असा की मराठी घराला तयारीची सवय आहे का? आहे, आणि चांगली जुनी आहे. कोकणात तिला आगोट म्हणतात. मे महिन्यात सुकट, बोंबील, सोडे वाळवून डबे भरायचे, तांदूळ-कुळीथ पाखडून ठेवायचे, आमसुलं, साठं, पापड, मसाला करायचा, लाकूडफाटा आणि गोवऱ्या पडवीत रचायच्या, कौलं चाळायची, पावसाच्या माऱ्याच्या बाजूला झावळ्यांच्या झडी बांधायच्या. गोव्यात मडगावला याच दिवसांत पुरुमेंताचं फेस्त भरतं आणि चार महिन्यांची खरेदी होते. देशावर कणग्या नि बळद भरले जात, धाब्याच्या घरांवर पांढरी माती पसरली जात असे. याला कुणी आपत्ती व्यवस्थापन म्हणत नव्हतं. मृग लागण्याआधी हे व्हायचं म्हणजे व्हायचंच, न झालं तर घरच्या बाईला शेजारणी नावं ठेवत. तारीख ठरलेली, कामं वाटलेली, आणि हयगय केली तर लाज. तयारी पार पडते ती या तीन गोष्टींमुळे, धास्तीमुळे नाही.

गडचिरोलीत हीच रीत सरकारनं उचलली आहे. पावसाळ्यात भामरागडला पर्लकोटा नदी चढली की तालुक्याचा जगाशी संबंध तुटतो. म्हणून दुर्गम गावांचं रेशनचं धान्य पाऊस सुरू होण्याआधीच पोचवतात आणि दिवस भरत आलेल्या बायकांना दवाखान्याजवळच्या 'माहेरघरा'त आधी आणून ठेवतात. रात्री अडलेल्या बाईला खाटेवर घालून नाला ओलांडण्यापेक्षा आठ-पंधरा दिवस आधी हलणं किती शहाणपणाचं, हे तिथल्या आरोग्यसेविकांना कुणी शिकवावं लागत नाही. पुण्या-मुंबईत डायलिसिसवरचा, ऑक्सिजनवरचा किंवा इन्सुलिन घेणारा माणूस घरात असेल तर त्याच्यासाठी असाच आधीचा बेत किती घरांत ठरलेला असतो?

शहरात आगोट गेली. दहा मिनिटांत सामान दारात आणून देणारी ॲप आली, फ्लॅटला साठवणीची खोली राहिली नाही आणि पाणी तर नळ सोडला की येतंच. कोल्हापूरकरांनी 2019 मध्ये याची दुसरी बाजू पाहिली. चहूकडे पाणी, आणि उपसा केंद्रंच बुडाल्यामुळे नळ कोरडे. दूध नाही, पेट्रोल नाही, टँकरपुढे घागरींची रांग. पुरात पहिला तुटवडा पिण्याच्या पाण्याचा पडतो, हे एरवी सांगितलं तर विनोद वाटतो.

म्हणून पिशवीबद्दलही दोन शब्द. इंटरनेटवर सापडणाऱ्या बहुतेक याद्या परदेशी घरांसाठी केलेल्या असतात. डबाबंद सूप, कॅन-ओपनर, प्रोटीन बार! मराठी घराला इतकं लांब जायचं कारण नाही. दशम्या, गूळ-शेंगदाणे, चिवडा, गूळपापडी, सातूचं पीठ, मेतकूट हे सगळं न शिजवता किंवा नुसत्या पाण्यावर चालतं, काही दिवस टिकतं आणि मुलं ते आवडीनं खातात. पाणी माणशी दिवसाला किमान तीन-चार लिटर, असं तीन दिवसांचं धरायचं. रोजच्या गोळ्या आणि त्यांच्या चिठ्ठीचा फोटो, चष्म्याची जुनी जोडी, बॅटरी, शिटी, पॉवर बँक, सॅनिटरी पॅड, अंतर्वस्त्रं, तान्ह्याचं सामान. काही सुट्ट्या नोटाही हव्यात, कारण वीज गेली की यूपीआय चालत नाही आणि भाजीवाला मोठ्या नोटेचे सुट्टे देत नाही. कागदपत्रं प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत, आणि त्यांच्या प्रती डिजिलॉकरमध्ये. सातबारा, मुलांच्या गुणपत्रिका आणि जातीचा दाखला पुन्हा मिळवायला किती खेटे घालावे लागतात ते पूरग्रस्तांना विचारावं. पिशवीचा विषय इथे संपतो. तिच्यावर याहून जास्त वेळ घालवणं म्हणजे अवघड काम टाळून सोपं उरकणं.

अवघड काम आहे ते 'कधी निघायचं' हे ठरवण्याचं. पुराच्या रात्री मराठी घरात काय चालतं ते आठवून पाहावं. आजोबा म्हणतात, "एवढी वर्षं काढली, काही होत नाही." मुलगा म्हणतो, "सकाळपर्यंत बघू." सून मुकाट्यानं पोरांचे कपडे पिशवीत भरत असते, पण शब्द टाकत नाही. शेजारचे निघाले की आपण निघू, असं हे घर म्हणतं. शेजारचेही तेच म्हणत असतात. यात कुणी मूर्ख नाही. घर सोडणं म्हणजे चोरीची भीती, निवारा केंद्रातली अडचण, संडासाची लाज, आणि पाणी आलंच नाही तर गावभर होणारं हसं. अशा वेळी माणूस पुढच्या तासावर ढकलतो. म्हणून हा निर्णय कुणा माणसावर सोडू नये, आकड्यावर सोपवावा. आयर्विनला किंवा राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झालं की आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येतं, हे जुने रहिवासी नेमकं सांगतात. त्या आकड्याच्या दोन-तीन फूट अलीकडचा आकडा हा त्या घराचा निघण्याचा आकडा. तो कोरड्या दिवसांत, डोकं थंड असताना ठरवायचा आणि पुढे त्यावर चर्चा नाही. ज्यांच्या गावात मोजपट्टी नाही त्यांनी पुलाचा अमुक खांब बुडाला, ओढ्यावरची फरशी गेली, अशी खूण धरावी. कोयना किंवा राधानगरी धरणातून पाणी सोडलं की ते खाली यायला वेळ लागतो. तेवढी मुदत घराच्या हातात असते. ती वाद घालण्यात संपवू नये.

नृसिंहवाडीला हे कधीचंच ठरलेलं आहे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताचं देऊळ नदीला अगदी लागून. पाणी चढून पादुकांवरून वाहू लागलं की लोक दक्षिणद्वार सोहळा म्हणून स्नानाला गर्दी करतात. पण त्याच वेळी पुजारी मंडळी उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. पाणी कुठवर आलं की मूर्ती हलवायची आणि ती कुठे न्यायची, यावर तिथे मतभेद होत नाहीत. पूजा एका ठिकाणची उठून दुसऱ्या ठिकाणी सुरू होते, इतकंच. श्रद्धा ठेवूनही वेळेवर हलता येतं. पंचक्रोशीतले लोक दरवर्षी हे पाहतात, आणि स्वतःच्या घराला मात्र असा नेम लावत नाहीत.

निघायला उशीर का होतो, याचं आणखी एक कारण गोठ्यात असतं आणि शहरी मार्गदर्शिकांत त्याचा उल्लेखच सापडत नाही. 2019 मध्ये कितीतरी माणसं जनावरांपायी मागे राहिली. दुभती म्हैस म्हणजे त्या घराचा महिन्याचा पगार. तिला दावणीला सोडून होडीत बसा, असं सांगणारा पाहुणा कुणालाच पटणार नाही. तेव्हा माणसांच्या आधी जनावरं हलवायची हाच व्यवहार्य मार्ग. जनावरांचा आकडा माणसांच्या आकड्याच्याही अलीकडे ठेवायचा, उंचावरच्या सोयऱ्याशी किंवा गावाबाहेरच्या माळाच्या मालकाशी उन्हाळ्यातच बोलून घ्यायचं, कडब्याची सोय पाहायची. आणि वेळच मिळाला नाही तर निदान दावं कापायचं. मोकळं जनावर पोहून जीव वाचवू शकतं, बांधलेलं जागीच बुडतं.

उशिरानं निघण्याची किंमत पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळनं मोजली. 8 ऑगस्ट 2019 ला पुरातून लोकांना बाहेर काढणारी होडी उलटली आणि 17 माणसं गेली. त्यात बाया आणि मुलं होती. होडीत माणसं जास्त झाली होती. शेवटच्या फेरीला गर्दी होते, कारण आधीच्या दिवसांत कोरड्या रस्त्यानं निघायचं राहून गेलेलं असतं. त्या होडीतल्या कुणाला दोष देण्यासाठी हे सांगायचं नाही. कोरड्या रस्त्यानं चालत निघणं हा पुरातला सगळ्यांत सुरक्षित प्रवास, इतकंच त्यातून घ्यायचं.

मुंबईला पुराचं गणित उलटं बसतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला फक्त 73. नरिमन पॉइंटच्या कार्यालयांत बसलेल्यांना कलिन्यात नि कुर्ल्यात काय चाललंय याचा अंदाजच नव्हता. ते नेहमीच्या वेळेला घरी निघाले आणि वाटेत अडकले. गाड्यांच्या काचा-कुलपं उघडेनात म्हणून काही जण गाडीतच गुदमरले. फोन बंद पडल्यामुळे आई मुलाला शोधायला शाळेकडे आणि बाप आईला शोधायला स्टेशनाकडे, असं झालं. ज्या मुलांना शाळांनी रात्रभर ठेवून घेतलं ती सुखरूप होती. जीव टांगणीला लागला होता तो घरच्यांचा. मुंबई-ठाण्याच्या घरासाठी म्हणून आकडा नसून करार हवा: ज्यानं-त्यानं आहे त्या पक्क्या इमारतीत थांबायचं, कुणी कुणाला शोधायला बाहेर पडायचं नाही, आणि निरोप गावाकडच्या एका ठरावीक नातेवाइकाकडे ठेवायचा. शहरातल्या शहरात फोन लागत नाही तेव्हा बाहेरगावचा कधीकधी लागतो, आणि बोलणं होत नसलं तरी एसएमएस निसटून जातो. नाशिकची मावशी किंवा साताऱ्याचा काका हा त्या दिवशी कुटुंबाचा नियंत्रण कक्ष. त्यांना मात्र हे आधी सांगितलेलं असावं आणि त्यांचा नंबर मुलांना तोंडपाठ असावा.

भूकंपाला ना आकडा असतो ना मुदत. तिथे निर्णय घर बांधतानाच झालेला असतो.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद जिल्हा हादरला. आदल्या संध्याकाळी गणपती बोळवून गावं उशिरा झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसं गेली. धक्क्याची तीव्रता 6.2 च्या आसपास. जगात इतक्या तीव्रतेचे भूकंप दरवर्षी होतात आणि सगळीकडे इतकी माणसं मरत नाहीत. इथे जीव घेतला तो भिंतींनी आणि छतांनी. हातभराहून रुंद भिंती, बाहेर दगडाचा एक थर, आत दुसरा, मध्ये चिपा नि माती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. वर लाकडी माळवद आणि त्यावर फूट-दोन फूट मातीचा थर. उन्हाळ्यात घर गार, पावसात कोरडं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ते बांधलं. यातली सगळ्यांत बोचणारी बाब अशी की पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून दरवर्षी नवी माती टाकली जात होती. जी तयारी पावसापासून वाचवत होती, तिनंच छताचं ओझं वाढवत नेलं. जुन्या शहाणपणाचा गौरव करताना एवढं भान ठेवायला हवं. आगोट ओळखीच्या पावसासाठी होती; अनोळखी संकटापुढे ती आंधळी ठरते.

किल्लारी परिसरात 1992 च्या ऑक्टोबरपासून लहान धक्के बसत होतेच. त्या अकरा महिन्यांत काय करता आलं असतं, तर छतावरची माती उतरवणं, खोलीच्या कोपऱ्यांना आणि दारा-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा घालणं, ठरावीक अंतरावर भिंतीत आरपार दगड बसवणं. भूकंपानंतरच्या पुनर्वसन कार्यक्रमात हेच उपाय शिकवले गेले. महाराष्ट्रात आजही दगड-मातीची घरं पुष्कळ आहेत. गवंड्याला हे सांगून करून घेणं नवं घर बांधण्यापेक्षा फार स्वस्त पडतं. ज्यांना तेही परवडत नाही त्यांनी निदान झोपण्याची जागा बदलावी: जाड भिंतीच्या कडेला किंवा जड माळवदाखाली अंथरूण नको, पत्र्याच्या हलक्या पडवीत असावं.

शहरी फ्लॅटमधल्यांनी वेगळं वागायचं. धक्का बसताना जिन्याकडे पळू नये, लिफ्टला हात लावू नये. भक्कम टेबलाखाली बसून डोकं झाकावं आणि टेबलाचा पाय धरून ठेवावा. पळण्यातही माणसं दगावतात. पालघर जिल्ह्यात नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात धक्क्यांची मालिका चालू झाली. फेब्रुवारी 2019 मधल्या एका धक्क्यात दोन वर्षांची मुलगी गेली, ती घर पडून नाही, बाहेर धावण्याच्या गडबडीत पडून. दगड-मातीच्या कच्च्या घरात मात्र दार हाताशी असेल तर अंगणात जाणंच बरं. एकच सूचना सगळ्या घरांना लागू होत नाही. आपलं घर कोणत्या जातीचं आहे हे आपल्यालाच ओळखावं लागतं. आणि पलंगाच्या डोक्याशी असलेलं लोखंडी कपाट, त्यावर रचलेल्या ट्रंका, टीव्ही, देवघराची जड समई? चार रुपयांच्या अँगलनं कपाट भिंतीला जखडता येतं. कोबेत फर्निचरनंही माणसं मारली होती.

दरडीबद्दल बोलताना शब्द अडतात. माळीण, 30 जुलै 2014, 151 बळी. गाव नाहीसं झाल्याची पहिली खबर एसटीच्या चालकानं दिली, कारण ज्या गावात गाडी न्यायची ते जागेवरच नव्हतं. तळीये, 22 जुलै 2021, ऐंशीच्या वर. इर्शाळवाडी, 19 जुलै 2023 ची रात्र. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहायचं नाही, हे तिथल्या घरांनी जीव देऊन सांगितलं. डोंगरात नव्या भेगा, झाडं नि खांब कलणं, झऱ्याला अचानक गढूळ पाणी येणं किंवा वाहता झरा एकाएकी आटणं, दारं-खिडक्या चौकटीत अडकू लागणं, ही लक्षणं दिसली आणि पाऊस थांबत नसला तर रात्रीची वाट पाहू नये. पण वस्तीला पर्यायी जागाच नसेल तर हा सल्ला पोकळ आहे, आणि ती जागा देणं घराच्या हातात नाही. ते सरकारचंच काम.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा मुंबई वाचली म्हणून बातम्या झाल्या. रायगडातल्या वाड्यांमधल्या सुपाऱ्या आणि माड आडवे झाले, पत्रे उडाले, वीज आणि मोबाइल कित्येक दिवस परतले नाहीत. तिथल्या लोकांना इशारा वेळेवर मिळाला होता आणि बऱ्याच जणांना पक्क्या इमारतींत हलवलंही होतं, म्हणून जीवितहानी थोडी झाली. वादळाचा डोळा डोक्यावरून जाताना वारा मध्येच पडतो, आणि लोक पत्रे पाहायला बाहेर येतात. थोड्या वेळानं तो उलट दिशेनं तितक्याच जोरात येतो. हे कोकणातल्या प्रत्येक घराला ठाऊक असायला हवं. विदर्भ-मराठवाड्यात वादळापेक्षा वीज जास्त माणसं नेते. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपासच्या विजांचा इशारा देतं. कडाडलं की झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडायचं नाही.

संकट ओसरल्यावर घराची दुसरी परीक्षा सुरू होते, आणि तिच्यात शहाणी माणसंही नापास होतात. पाणी उतरताच पहिला हात मेन स्विचकडे जातो. वायरिंग वाळून वायरमननं पाहिल्याशिवाय वीज सुरू करायची नाही. खरं तर पाणी यायच्या आधीच मेन स्विच बंद आणि सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवलेला असावा. गॅसचा वास आला तर 1906. गाळात उघड्या पायानं उतरू नये: काचा असतात, अडगळीत साप असतात, आणि पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. 2005 च्या पुरानंतर मुंबईत त्याची साथच आली होती. पाण्यातून चालल्यावर ताप आला तर दुकानातून गोळी आणून भागवू नये, डॉक्टरला दाखवावं आणि पुराच्या पाण्यातून चालल्याचं सांगावं. साप चावला तर 108 आणि थेट रुग्णालय; मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत येत नाही. पाणी उकळूनच प्यावं. जुलाब झाले तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारू नये. इंजिन बिघडतं आणि विम्याचा दावाही अडतो.

पैशांची तयारी हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. 2019 मध्ये सरकारनं पूरग्रस्त कुटुंबाला शहरात 15 हजार आणि खेड्यात 10 हजार रुपये सानुग्रह मदत दिली. एका खोलीतला चिखल काढून फ्रिज, गादी आणि महिन्याचा किराणा आणायलाही ती पुरत नाही. विमा उतरवला असता तर चित्र वेगळं असतं. 1 एप्रिल 2021 पासून विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकाच धर्तीची घरविमा पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात पूर, वादळ, भूकंप, दरड हे सगळं धरलेलं आहे, आणि इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, घरातल्या सामानालाही संरक्षण आपोआप मिळतं. दागिने त्यात नसतात, ते वेगळे नोंदवावे लागतात. गृहकर्ज काढून पन्नास लाखांचा फ्लॅट घेणारा माणूस मोटारीचा विमा न चुकता भरतो आणि घराचा विमा म्हटलं की "नशिबात असेल ते होईल" म्हणतो. विमा असो वा सरकारी मदत, दोन्हींना पुरावा लागतो. दरवर्षी मे महिन्यात घराच्या प्रत्येक खोलीचा, कपाट उघडून, मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ करून बाहेरगावच्या नातेवाइकाला पाठवून ठेवावा. पुरानंतर चिखल काढण्याआधी पुन्हा फोटो, मग पंचनामा. घर धुऊन लख्ख केल्यावर तलाठी आला तर त्याला दाखवणार काय?

एवढं सगळं कुणी आणि कधी करायचं? आगोटीसारखी तारीख पंचांगातच आहे. मृग 7-8 जूनला लागतो. त्याच्या आधीच्या एका रविवारी जेवणं झाल्यावर घरातल्या सगळ्यांनी, पोरांसकट आणि कामाला येणाऱ्या मावशींसकट, तासभर बसावं. पाणी कुठवर आलं की निघायचं, कुणाकडे जायचं, जनावरं कोण सोडणार, आजीला कोण उचलणार, निरोप कुणाकडे ठेवायचा. उत्तरं एका कोऱ्या कागदावर ठळक अक्षरात लिहून स्वयंपाकघरात टांगावीत. मग अंधारात, दिवे मालवून, मेन स्विच आणि गॅसची चावी सापडते का ते घरातल्या सगळ्यांत लहान शहाण्या मुलाला करून पाहायला लावावं. गल्लीत एकटं राहणारं, ऐकू न येणारं किंवा चालता न येणारं कुणी असेल तर त्यांच्याकडे कोण जाणार, तेही त्याच कागदावर लिहावं. आपदा मित्र म्हणून प्रशिक्षण घेतलेलं कुणी गावात आहे का, याची तहसील कार्यालयात चौकशी करावी.

जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077 आहे, तातडीच्या कोणत्याही मदतीसाठी 112. आज घरी गेल्यावर हे दोन्ही क्रमांक घरातल्या प्रत्येक फोनमध्ये, आजीच्या बटणांच्या साध्या फोनमध्येसुद्धा, भरून ठेवावेत, आणि मृगाआधीच्या रविवारची ती बैठक पुढे ढकलू नये, ही श्रोत्यांना विनंती.